महाडीबीटी, स्वाधार, महाज्योती: गरीब घरातल्या पोरांना कॉलेजपर्यंत कोण पोचवतं?

आधी निकाल सांगून टाकू. महाराष्ट्रात दहावीनंतर शिकू पाहणाऱ्या गरीब मुलांसाठी योजना कमी नाहीत, आणि कागदावरच्या रकमाही अगदीच टाकाऊ नाहीत. पण यातली जवळपास प्रत्येक योजना मुलाने कॉलेजात पाऊल ठेवल्यानंतर जागी होते. त्याआधीच्या दोन वर्षांत, म्हणजे अकरावी-बारावीत, दाखले जमवायचे असतात, कोणती प्रवेश परीक्षा द्यायची ते ठरवायचं असतं, बँकेचं खातं नीट करून घ्यायचं असतं, पसंतीक्रम भरायचा असतो. हे सगळं मुलाने आपलं आपण निस्तरायचं, असं गृहीत धरलेलं आहे. ज्या घरात आजवर कोणी कॉलेज पाहिलेलं नाही, तिथे नेमकं हेच अडतं. म्हणून हे परीक्षण जीआरमध्ये काय छापलंय यापेक्षा जून-जुलैत सेतू केंद्राच्या आणि कॉलेजच्या स्कॉलरशिप टेबलाच्या रांगेत काय घडतं, यावर जास्त आहे.

महाडीबीटी पोर्टल

सामाजिक न्याय, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण, उच्च शिक्षण, तंत्रशिक्षण अशा निरनिराळ्या खात्यांच्या शिष्यवृत्त्या एका ठिकाणी आणल्या, हे राज्य सरकारच्या या ऑनलाइन पोर्टलचं मोठं काम. भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, फ्रीशिप (शुल्कमाफी), राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, सगळं इथेच. प्रोफाइल एकदा नीट भरलं की आपण कोणकोणत्या योजनांत बसतो हे पोर्टलच दाखवतं. ही सोय खरंच चांगली आहे, आणि बऱ्याच पालकांना ती ठाऊकच नसते. शेजारच्या मुलाने जो अर्ज भरला तोच आपणही भरायचा, अशी पद्धत चालते.

नोंदणी आधारच्या ओटीपीने होते. आधारला जोडलेला मोबाईल नंबर वडिलांचा, आणि तोही बंद पडलेला, हे इतकं सर्रास आहे की अकरावीतच आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घ्यावा. ओटीपी येत नसेल तर बायोमेट्रिक मशिन असलेलं केंद्र शोधावं लागतं, आणि शेवटच्या आठवड्यात तिथे उभं राहायला जागा नसते.

प्रोफाइलचे सहा भाग आहेत: वैयक्तिक माहिती, पत्ता, इतर माहिती, चालू अभ्यासक्रम, मागील शिक्षण आणि वसतिगृह. पहिले तीन सहसा बिघडत नाहीत. घोळ होतो तो चालू अभ्यासक्रमाच्या पानावर. प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, झाला की संस्थेच्या पातळीवर, हा रकाना चुकला की शिक्षण शुल्काच्या योजना यादीतून गायब होतात, आणि मुलाला वाटतं आपण पात्रच नाही. मागील शिक्षणात दहावी आणि बारावी दोन्ही टाकायचे असतात. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. वसतिगृहाचं पान बरेच जण रिकामं सोडतात, आणि ते महागात पडतं. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत व्यावसायिक पदवीच्या विद्यार्थ्याला वसतिगृहात राहत असेल तर वर्षाला १३,५०० रुपये आणि घरून ये-जा करत असेल तर ७,००० रुपये भत्ता आहे. एक पान भरलं नाही म्हणून ६,५०० रुपये गेले.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एक चांगली व्यवस्था आहे. ‘आपले सरकार’ या पोर्टलवरून मिळालेल्या दाखल्यावर बारकोड असतो, त्याखालचा क्रमांक टाकला की नाव आणि रक्कम पोर्टल स्वतः ओढून घेतं. अडचण एवढीच की दाखल्यावर वडिलांचं नाव एका पद्धतीने आणि आधारवर दुसऱ्या पद्धतीने असेल तर गाडी तिथेच थांबते. हाताने लिहिलेला जुना दाखला इथे चालत नाही.

बाकीचे कागद अपलोड करताना फाईलची मर्यादा २५६ केबी आहे. मोबाईलवर काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो. मग नेटकॅफेवाला तो इतका आवळतो की तहसीलदारांचा शिक्का म्हणजे एक निळा डाग उरतो. क्लार्क तो वाचू शकत नाही आणि अर्ज परत पाठवतो. यावर उपाय साधा आहे: कागद सपाट ठेवून स्कॅनिंगच्या ॲपने किंवा स्कॅनरवर कृष्णधवल, १५० डीपीआयला पीडीएफ करायचा. ए-४ चं एक पान सहज मर्यादेत बसतं आणि शिक्काही वाचता येतो.

अर्ज भरून झाला म्हणजे काम झालं, हा सगळ्यात घातक समज. अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग खात्याच्या जिल्हा कार्यालयात, मग पुढे. यातल्या कोणत्याही पायरीवरून तो त्रुटीसाठी परत येऊ शकतो. परत आल्याचा एसएमएस नोंदवलेल्या नंबरवर जातो, म्हणजे पुन्हा वडिलांच्या त्याच बंद फोनवर. दुरुस्तीची मुदत संपली की अर्ज बाद. दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती पाहणं आणि कॉलेजात पावतीची प्रत देऊन ‘माझा अर्ज तुमच्या लॉगिनला दिसतोय का’ असं विचारणं, ही दोन कामं केली तरी बाद होणाऱ्या अर्जांतले बरेचसे वाचतात. काही योजनांत मंजुरीनंतरही विद्यार्थ्याने स्वतः लॉगिन करून ‘रिडीम’चं बटण दाबावं लागतं. ते न दाबल्यामुळे मंजूर पैसे पडून राहतात, आणि मुलगा मात्र सरकारला शिव्या घालत असतो.

पैसे कोणत्या खात्यात जातात

याला वेगळं शीर्षक दिलंय, कारण तक्रारींपैकी मोठा भाग इथला आहे. अर्जात लिहिलेल्या खात्यातच पैसे येतील असं नाही. थेट लाभाची रक्कम आधार क्रमांकावर जाते, आणि तो क्रमांक राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदीत ज्या बँकेशी सगळ्यात शेवटी जोडला गेला, तिथे ती उतरते. बँकेत केवायसीसाठी आधार दिलं म्हणजे हे सीडिंग झालंच असं नाही. त्यासाठी वेगळा संमती अर्ज असतो. सिमकार्ड घेताना दुकानदाराने नकळत उघडलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यात शिष्यवृत्ती जाऊन बसल्याची उदाहरणं ढिगाने आहेत. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहता येतं, दोन मिनिटांचं काम. अर्ज भरण्याआधी ते पाहायचं.

दुसरा खड्डा म्हणजे अपुऱ्या केवायसीवर उघडलेलं छोटं खातं. त्यात शिल्लक ५०,००० रुपयांच्या वर आणि वर्षभरातली जमा १ लाखाच्या वर जाऊ शकत नाही. इंजिनिअरिंगच्या शुल्काची रक्कम अशा खात्याला झेपत नाही आणि व्यवहार फसतो. मुलगा अठरा वर्षांचा झाला की बँकेत जाऊन पूर्ण केवायसी करून घ्यावी, अज्ञान म्हणून उघडलेलं खातं सज्ञान करून घ्यावं.

तिसरी गोष्ट अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीपुरती. २०२१ पासून या योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे, आणि केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्या रकमेत कॉलेजचं शुल्कही असतं, आणि ते मुलाने ठरलेल्या मुदतीत कॉलेजला भरायचं असतं. घरी हे कोणी सांगितलेलं नसतं. खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली की ती बी-बियाणं, बहिणीचं लग्न, दवाखाना यात जाते, आणि परीक्षेच्या तोंडावर कॉलेज हॉलतिकीट अडवतं. यात मुलाचा किंवा बापाचा दोष काढण्यात अर्थ नाही. पैसे येताना सोबत एका ओळीचा एसएमएस आला असता, ‘यातले इतके कॉलेजचे’, तर निम्मी भांडणं मिटली असती.

याच मार्गदर्शक सूचनांत फ्रीशिप कार्डाचीही तरतूद आहे: पात्र विद्यार्थ्याला आधी शुल्क न भरता प्रवेश मिळावा म्हणून. प्रवेशाच्या खिडकीवर ‘आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत घ्या’ असं सांगितलं जातं, तेव्हा तोंडी वाद घालू नये. लेखी अर्ज द्यावा, आवक क्रमांक घ्यावा आणि प्रत समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे द्यावी. तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही.

रकमांबद्दल एक नाराजी इथेच नोंदवतो. व्यावसायिक पदवीचा भत्ता ठीक म्हणावा असा आहे. पण साधं बीए-बीएस्सी करणाऱ्या वसतिगृहातल्या मुलाला वर्षाला ६,००० रुपये, म्हणजे महिन्याला ५००. घरून ये-जा करणाऱ्याला ३,०००. अकरावी-बारावीला ४,००० आणि २,५००. कॉलेजची तयारी ज्या दोन वर्षांत व्हायची, त्याच दोन वर्षांना सगळ्यात कमी पैसे. वर कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, ती वेगळीच. पोर्टल म्हणून महाडीबीटीला पाचपैकी तीन गुण, वेळेवर पैसे पोचवण्याबद्दल दीड.

दाखले: खरी प्रवेश परीक्षा

उत्पन्नाच्या दाखल्यावर वैधता ३१ मार्चपर्यंत अशी असते. जानेवारीत हौसेने काढलेला दाखला जुलैमध्ये रद्दी होतो. एप्रिल उजाडला की नवीन काढायचा. तलाठ्याचा अहवाल, रेशनकार्ड, स्वयंघोषणापत्र एवढं नीट जोडलं तर सेवा हमीनुसार पंधरा दिवसांत तो मिळायला हवा. जूनमध्ये गर्दी झाली की हे पंधरा दिवस ताणले जातात, एप्रिलमध्ये सहसा नाही.

नॉन-क्रिमीलेअरला, म्हणजे मागासवर्गातलं कुटुंब सधन गटात मोडत नाही या दाखल्याला, तीन वर्षांचं उत्पन्न लागतं, आणि इथे एक मोठा गैरसमज आहे. आठ लाखांची मर्यादा मोजताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. पगार आठ लाखांवर गेला म्हणून ‘आम्ही क्रिमीलेअर’ असं स्वतःच ठरवून खुल्या गटात अर्ज भरणारी कुटुंबं आहेत. पालक कोणत्या पदावर आहेत हे वेगळं तपासतात, पण ती पुढची गोष्ट. उलट ईडब्ल्यूएसच्या (खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बलांच्या) प्रमाणपत्रात सगळं उत्पन्न मोजलं जातं, शेतीसकट. दोन्हींना एकच नियम लावला की चूक ठरलेली.

आता जात वैधता, म्हणजे बोलीभाषेतली ‘व्हॅलिडिटी’: जातीचा दाखला खरा असल्याचं जात पडताळणी समितीचं प्रमाणपत्र. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी ती लागतेच, आणि ती मिळायला महिने जातात. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. विद्यार्थ्यासाठी नमुना १६, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र नमुना ३, दुसरं प्रतिज्ञापत्र नमुना १७, आणि कॉलेजच्या प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं १५-ए. शेवटचा कागद अकरावीच्या कॉलेजातून घ्यायचा असतो, आणि तो वेळेत न मिळाल्याने अडकलेल्या फाईली प्रत्येक समितीत सापडतील.

फॉर्म भरणं त्यामानाने सोपं. कस लागतो तो पुराव्यात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा जातीचा आणि राहण्याचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबा किंवा पणजोबांचा. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांकडून मिळतो. गेलेच नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्ममृत्यूच्या नोंदीत जात लिहिलेली सापडू शकते. काही तालुक्यांत ती मोडीत आहे, मग मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. चुलते, आत्या, चुलतभाऊ यांच्यापैकी वडिलांच्या रक्तनात्यात कोणाला आधी वैधता मिळाली असेल तर त्याची प्रत जोडावी, निम्मं काम हलकं होतं. आईकडच्या नातेवाइकांची प्रत जोडून काही उपयोग नाही, तरी ती हटकून जोडलेली दिसते.

नावातला फरक हे दुसरं दुखणं. आजोबांच्या नोंदीत ‘किसन’, वडिलांच्या दाखल्यावर ‘कृष्णा’, आडनाव एकीकडे गावावरून, दुसरीकडे कुळावरून. दोन्ही माणूस एकच असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि ते वंशावळीशी तंतोतंत जुळलं पाहिजे. वंशावळीत एखादा चुलता विसरला आणि पुढे त्याच्याच मुलाचं प्रमाणपत्र पुरावा म्हणून जोडलं, तर समिती प्रश्न विचारणारच, आणि तिचं चूकही नाही. जमातीच्या दाव्यांत आणि शंका आलेल्या प्रकरणांत दक्षता पथकाची गृहचौकशी होते, त्याला आणखी वेळ लागतो.

समितीची सेवा कशी आहे? ऑनलाइन अर्ज आणि प्रमाणपत्र ऑनलाइन मिळणं, ही सुधारणा मान्य. पण गरीब घरातल्या मुलाला लागतो तो बारावीच्या निकालाआधी वर्षभर हात धरून उतारे शोधायला लावणारा माणूस, आणि तो कोणत्याही खात्याच्या आस्थापनेवर नाही. सायन्सच्या मुलांना निदान कॉलेज आठवण करून देतं. आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांना कोणी काही सांगत नाही, ‘तुम्हाला कुठे लागते’ म्हणून. २०२४ पासून बीबीए-बीसीएलाही सीईटी आली, विधी आणि बीएडला ती आधीपासून होती. मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर राखीव जागा जाते. तेव्हा शाखा कोणतीही असो, अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत गावच्या शाळेतून उतारे काढून ठेवावेत.

वसतिगृह आणि स्वाधार

सामाजिक न्याय विभागाचं शासकीय वसतिगृह मिळालं तर त्यासारखी दुसरी मदत नाही. राहणं, जेवण, अंथरूण-पांघरूण, पुस्तकं, वर निर्वाह भत्ता. जेवणाच्या दर्जाबद्दल तक्रारी असतात आणि गृहपालावर बरंच काही अवलंबून असतं, तरी चार वर्षं डोक्यावर छप्पर पक्कं होतं. जागा मात्र मागणीच्या मानाने फार कमी, आणि निवड गुणवत्तेवर.

ज्याला वसतिगृह मिळालं नाही त्याच्यासाठी अनुसूचित जाती आणि नवबौद्धांकरता भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,००० असे मिळून ६०,००० रुपये. इतर महापालिका क्षेत्रांत ५१,०००, इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,०००. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या मुलांना शैक्षणिक साहित्यासाठी आणखी ५,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् आणि इतर मागासवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीच्या आहेत.

दहा महिन्यांचा हिशोब केला तर पुण्यात मेसला महिन्याला ३,२०० आणि खोलीला २,०००. मेसचं जेमतेम बसतं, खोलीचं बसत नाही. चार जणांत खोली घेऊन, एकाच्या नावावर भाडेकरार करून मुलं भागवतात, आणि मग अडतात, कारण अर्जासोबत स्वतःच्या नावाचा भाडेपुरावा मागितला जातो. करारात चौघांचीही नावं घालून घ्यायची. घरमालक कुरकुर करतो, पण भाडं वेळेवर मिळण्याची हमी त्यातच आहे हे पटवून द्यायचं. ज्या शहरात कॉलेज आहे तिथलाच रहिवासी असला तर योजना लागू नाही, त्यामुळे आधारवरचा पत्ता घाईने पुण्याचा करून घेऊ नये.

आणि पैसे हप्त्याने, उशिरा येतात. जूनमध्ये अनामत आणि पहिल्या महिन्याचं भाडं द्यायचं असतं, तेव्हा हातात शून्य. पहिल्या सहामाहीचा खर्च घरून, उसनवारीने किंवा कॉलेजच्या ‘कमवा आणि शिका’तून काढावा लागेल, असं धरूनच निघावं. रकमेला चार गुण, वेळेला एक.

महाज्योतीचा टॅब

नागपूरची महाज्योती ही संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट आणि सीईटीचं ऑनलाइन प्रशिक्षण मोफत देते. सोबत टॅब आणि रोज ६ जीबी डेटा. दहावीनंतर लगेच, अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतल्यावर अर्ज करायचा असतो. या सगळ्या यादीत ‘आधी’ सुरू होणारी हीच एक सरकारी मदत, म्हणून तिचं कौतुक आहे.

पण टॅब शिकवत नाही. दुर्गम वाडीवर रेंज नसेल तर ६ जीबी तसाच उरतो. सेमी-इंग्रजीतून आलेल्या मुलाला फिजिक्सचा प्रश्न समजतो, त्यातली इंग्रजी समजत नाही. शंका विचारायला समोर माणूस लागतो. जिथे गावातल्या शाळेने रोज संध्याकाळी दोन तास एक वर्ग उघडा ठेवला, पाच-सहा मुलांना एकत्र बसवलं आणि एका शिक्षकाने सराव परीक्षेचे गुण वहीत मांडले, तिथे हाच टॅब कामाला येतो. एरवी चार महिन्यांत त्यावर सिनेमे चालू होतात. अर्ज करताना हे आधी ठरवावं: कुठे बसणार, कोणाबरोबर, चुकलेला प्रश्न कोणाला दाखवणार.

समोर माणूस असण्याने काय फरक पडतो हे पाहायचं असेल तर सरकारबाहेर पाहावं. पुण्यातल्या बी. जे. मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी उभी केलेली लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट मेळघाटसारख्या भागातल्या मुलांना नीटसाठी शिकवते. शिकवणारे स्वतः नुकतेच त्या परीक्षेतून गेलेले. एकलव्य इंडिया फाउंडेशन निवासी कार्यशाळा घेऊन पहिल्या पिढीच्या पदवीधरांना देशातल्या नामांकित विद्यापीठांचे अर्ज, निबंध, मुलाखती यांची तयारी करून घेतं. दक्षिणा फाउंडेशन नवोदयच्या निवडक मुलांना जेईई-नीटसाठी निवासी शिकवणी देतं. तिन्हींची मर्यादा एकच: जागा मोजक्या, निवड कडक. मधल्या गुणांच्या मुलाला यातलं काहीच मिळत नाही, आणि गरज त्यालाच जास्त.

कॅपचा पसंतीक्रम आणि मुलींची शुल्कमाफी

जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळाली. आधी ती निम्मी होती. बातमी ‘मुलींचं शिक्षण मोफत’ अशी पसरली, आणि तिथेच फसगत होते. विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, बस यांचा त्यात समावेश नाही. अभिमत आणि स्वयं-अर्थसहाय्यित विद्यापीठं बाहेर आहेत. प्रवेश कॅपमधूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून ‘लवकर सीट पक्की’ केली की सवलत संपली, आणि ही गोष्ट दलालाने सांगितलेली नसते.

पसंतीक्रम भरण्याआधी प्रत्येक कॉलेजचं शिक्षण शुल्क सोडून बाकीचं शुल्क किती, हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या पत्रकातून आणि कॉलेजच्या संकेतस्थळावरून काढून एका कागदावर लिहावं. आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर टीएफडब्ल्यूएसचे, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेचे, चॉइस कोड वेगळे टाकावेत. त्या पाच टक्के अधिसंख्य जागांवर शिक्षण शुल्क माफ असतं, आणि जात पाहत नाहीत. कटऑफ वर जातो, पण न टाकलेल्या कोडची जागा कोणालाच मिळत नाही. पहिला पसंतीक्रम पहिल्याच फेरीत मिळाला की जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. म्हणून ‘बघू, लागलं तर’ म्हणून पहिल्या क्रमांकावर काहीही टाकायचं नाही. घरापासून ४०० किलोमीटर, वसतिगृह नाही आणि स्वाधारचे पैसे पुढच्या वर्षी, असं कॉलेज नावाला मोठं असलं तरी तिसऱ्या सत्रात सुटण्याची शक्यता दांडगी.

मागास विद्यार्थ्यांना योजनांची माहिती आणि मदत देण्यासाठी कॉलेजांमध्ये असलेल्या समान संधी केंद्रांबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. कल्पना उत्तम, नेमलेला प्राध्यापक तळमळीचा असेल तर केंद्र चालतं, नाहीतर दारावर पाटी. प्रवेश घेतल्याच्या आठवड्यात तिथे जाऊन नाव नोंदवावं, निदान अर्ज कोणत्या टेबलावर अडकलाय ते कळतं.

दुसऱ्या वर्षाचं राहिलं. शिष्यवृत्ती आपोआप पुढे चालत नाही, दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो, आणि पहिल्या वर्षाचे पैसे अजून आलेले नसले तरी भरावा लागतो. ‘आधीचे येऊ देत, मग भरतो’ म्हणून थांबणाऱ्याची दोन्ही वर्षं लटकतात. प्रोफाइलमध्ये चालू अभ्यासक्रमाची जुनी नोंद खोडून नवी करू नये. त्याच नोंदीत पुढचं वर्ष, टक्केवारी आणि निकाल भरायचा, म्हणजे अर्ज नूतनीकरण म्हणूनच उघडतो. एटीकेटी (काही विषय राहून पुढच्या वर्गात प्रवेश) असेल तर तसाच निकाल निवडायचा. गुणपत्रिका आली नसेल तर संकेतस्थळावरच्या निकालाची प्रत प्राचार्यांकडून साक्षांकित करून लावायची, आणि क्लार्ककडून पोच घ्यायची.